थोरलीचे पाटे

रविवारी सकाळी चहा झाल्याबरोबर दादाने गाडीची किल्ली शर्टाच्या खिशातून काढून पँटच्या खिशात घातली. तसं करायचं काही कारण नव्हतं. अप्पा किल्ली मागणार नव्हते. अपघात झाल्यापासून ते लेकाशी बोलतच नव्हते. मागायचीच असती तर ती मागणी आईमार्फत आली असती, "त्याला सांग" म्हणून. पण किल्ली जागेवर आहे ना हे चाचपून बघायची दादाला सवय लागली होती, आणि तो ते चोरून करत असला तरी सगळं घर बघत होतं.

अपघात तसा मोठा नव्हता. अप्पा चालवत होते, त्यांची सून म्हणजे घरची वहिनी शेजारी बसली होती आणि मागे एका सलूनचे आरसे होते. वळणाआधी अप्पांनी ब्रेक दाबला तसं गाडीचं मागचं अंग एकदम डावीकडे सरकलं आणि भिंतीवर आदळलं. आरशांचा चुरा झाला. खिडकीची काच फुटून वहिनीच्या हातात घुसली, कोपरापासून मनगटापर्यंत टाके पडले. दादा धावत दवाखान्यात पोचला, बायकोचा हात बघितला आणि बाहेर बाकावर बसलेल्या बापापुढे तळवा पसरून म्हणाला, "किल्ली द्या. आता पुरे." अप्पांनी दिली. पण ती चार लोकांसमोर द्यावी लागली, आणि ज्यांनी बघितलं त्यांच्यापैकी दोघं अप्पांची जुनी गिऱ्हाइकं होती.

तेव्हापासून घरात एकच प्रश्न होता: अप्पा पुन्हा गाडी चालवणार की नाही. दादाचं म्हणणं, त्यांचं वय झालं, हात चुकला, हे मान्य करावं आणि गाडी आहे तशी भंगारात द्यावी. अप्पांचं म्हणणं आईच्या तोंडून आलं. गाडी आधी उघडा, मागचे पाटे बघा, आणि मग मला म्हातारा म्हणायचं ते म्हणा.

गाडीला घरात थोरली म्हणत. ती दादाच्या जन्माआधी आली होती, म्हणून. माझ्या वर एक बहीण आहे आणि ती डिझेल पिते, असं दादा लहानपणी शाळेत सांगत असे. घरचा धंदा काचेचा. थोरलीच्या मागच्या उघड्या हौद्यात डाव्या बाजूला तिरकी लाकडी चौकट ठोकलेली होती आणि तीत काचा उभ्या करून नेत. इतकी वर्षं वजन एकाच अंगावर पडलं, त्यामुळे डाव्या बाजूचे पाटे, म्हणजे चाकावरच्या लोखंडी पट्ट्यांची ती कमानदार चळत, बसत बसत पार सपाट झाले होते. थोरली उभी असली की कंबर दुखणाऱ्या बाईसारखी एका पायावर भार टाकून उभी राहायची. हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

छोटी पोचली ती दादाच्या बाजूने बोलायला म्हणून. त्यानेच फोन करून बोलावलं होतं. अप्पांचा धाकट्या लेकीवर जीव, ती म्हणाली तर ऐकतील, हा त्याचा हिशोब. तो छोटीलाही पटला होता. वहिनीचा हात बघून तर तिला रडूच आलं. तिने बॅग ओसरीवर टाकली आणि मागच्या आवारात गेली. अप्पा जुनी चटई अंथरून थोरलीच्या मागच्या चाकाशी बसले होते आणि जंगलेल्या नटांवर तेल सोडत होते.

"अप्पा, आल्या आल्या हेच का?" ती म्हणाली.

"तू भावाची वकील म्हणून आलीस. तुझं ऐकेन. आधी जॅक लाव."

छोटीने जॅक लावला. लग्नाआधी ही गाडी तिने पुष्कळ चालवली होती, जॅक कुठे बसतो हे हाताला माहीत होतं. गाडी उचलायच्या आधी आतलं सामान काढायला ती सीटमागे वाकली, तर तिथे वाळूची एक गोणी होती. फाटलेली, पण तीच. तिने अप्पांकडे बघितलं, मग खांबाला टेकून उभ्या असलेल्या दादाकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं.

"ही मी ठेवली होती," ती म्हणाली. "उजव्या बाजूला. गाडी डावीकडे कलते म्हणून. कुणी काढली कशी नाही?"

अप्पा म्हणाले, त्यांना वाटलं दादाने ठेवली असेल. दादा म्हणाला, त्याला वाटलं अप्पांनी. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. तेवढ्यात आई घरातून आली, तिने चालकाच्या सीटचं कव्हर काढलं आणि आतून एक शिवलेली उशी काढून पदराखाली घेतली. छोटीने ती बघितलीच. आई जरा ओशाळली. तुझे वडील तिरके बसून पाठ धरून घरी यायचे, म्हणून एका बाजूला उशी घातली, त्यात एवढं काय, असं म्हणाली. मग चाक निघाल्यावर पाट्यांच्या खालून एक लाकडी ठोकळा निघाला. तो अप्पांचा. डावी बाजू जरा उचलली जावी म्हणून त्यांनी कधीतरी बसवला होता आणि अर्थातच कुणाला सांगितलं नव्हतं.

आता मात्र आई, छोटी आणि अप्पा तिघंही हसायला लागले. गाडी सरळ करायला ज्याने त्याने आपापला इलाज केला होता आणि सगळ्यांची आळीमिळी गुपचिळी. दादा हसला नाही. छोटीला वाटलं, राग अजून गेला नाही. तिला भावाची थोडी दयाही आली.

वहिनी ओट्यावर बसून हे बघत होती. हात गळ्यात बांधलेला, त्यामुळे तिला कुणी काही करू देत नव्हतं, आणि काही न करता बसलेल्या माणसाला पुष्कळ दिसतं. या घरात आली तेव्हा तिला वाटलं होतं, किती गोड माणसं आहेत, कुणी कुणाचं काही काढत नाही. भाजी खारट झाली तर सगळे निमूट खात आणि दुसऱ्या दिवशी मिठाचा डबा उंच फळीवर गेलेला असे. हळूहळू तिच्या ध्यानात आलं की काचेच्या धंद्यातल्या या माणसांनी एकमेकांनाही काचेसारखं धरायची सवय लावून घेतली आहे. सांगितलं तर लागेल, म्हणून सांगायचं नाही. परस्पर दुरुस्त करायचं. आणि जेव्हा दुरुस्त होत नाही तेव्हा दादासारखं एकदम तळवा पसरून उभं राहायचं.

अपघाताच्या वेळी मागचं अंग आधी सरकलं आणि मग अप्पांनी स्टिअरिंग फिरवलं, हे तिने नवऱ्याला एकदा सांगितलं होतं. तू घाबरली होतीस, तुला काय कळणार, असं म्हणून त्याने विषय बदलला होता. तो तिच्या टाक्यांकडे बघत नसे. मलमपट्टीच्या वेळी खोलीबाहेर जाई. जीव आहे म्हणून बघवत नाही, असं तिने स्वतःला समजावलं होतं. आज थोरली उघडायला लागल्यापासून त्याचा चेहरा उतरत चालला होता आणि तिला ते समजावणं पुरेना.

दादा खरं तर तिथून जायचं निमित्त शोधत होता. पण निघून जाणंही दिसलं असतं. अप्पा मामांकडे राहायला गेले होते तेव्हाची गोष्ट. गाडी फारच कलायला लागली होती आणि अप्पांना सांगायचं म्हणजे तुमचा ठोकळा काही कामाचा नाही असं सांगण्यासारखं. ठोकळा त्याने बघितला होता. म्हणून तो गाडी घेऊन हायवेवरच्या एका गॅरेजात गेला आणि डाव्या बाजूला एक जास्तीचा पाटा घालून घेतला. मोठ्या ट्रकचा, जाड. गॅरेजवाला म्हणाला होता की एकाच बाजूला घालू नका, दोन्हीकडे घाला. दादाने ऐकलं नाही. गाडी सरळ उभी राहिली, अप्पा परत आल्यावर खुशीत म्हणाले, "आपोआप सरळ झाली बघ." दादाने मान डोलावली होती.

दवाखान्यात हात पसरला तेव्हा हे त्याच्या डोक्यात नव्हतं. देवाशपथ नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी आठवलं, आणि तेव्हा त्याने पहिल्यांदा भंगारवाल्याला फोन केला.

अप्पांनी पाटे आवळून धरणाऱ्या पकडीचे बोल्ट सोडवले. एक निघेना, तो छोटीने करवतीने कापला. सगळी चळत बाहेर आली, तिघांनी मिळून ती चटईवर ठेवली. मधला बोल्ट काढल्यावर पाटे एकेक करून सुटे झाले. अप्पांनी ते लांबीप्रमाणे लावायला घेतले, आणि एक पाटा रांगेत कुठेच बसेना. आखूड होता, जाड होता आणि त्याची कमान वेगळीच होती.

तो त्यांनी बाजूला ठेवला आणि सगळ्यात वरचा मोठा पाटा उचलला. तो पकडीच्या आतच मोडला होता, म्हणून बाहेरून दिसलं नव्हतं. मोडलेलं तोंड त्यांनी उन्हाकडे धरलं. अर्ध्या भागात जुना तांबूस गंज, अर्धा भाग नवा, चकचकीत. म्हणजे चीर केव्हाची होती आणि त्या दिवशी ब्रेकसरशी उरलेलं तुटलं. चीर पडली होती ती बरोबर जिथे त्या जाड पाट्याची कड रुतत होती तिथे. मोठा पाटा तुटला की चाक जागा सोडतं. मागचं अंग सरकणारच होतं. मी सोडून दुसरा कोणीही चालवत असता तरी सरकलं असतं, अप्पा मनात म्हणाले, आणि इतक्या दिवसांनी त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं.

मग त्यांनी लेकाकडे बघितलं. दादा खांबाकडे बघत होता. अप्पांना कळलं.

त्यांना आणखीही एक गोष्ट माहीत होती, आणि ती फक्त त्यांनाच. डाव्या डोळ्याने त्यांना वर्षभर धूसर दिसत होतं, दुधात बुडवलेल्या काचेतून बघावं तसं. अपघात डोळ्याने झाला नव्हता, याचा पुरावा आता हातात होता. पण डोळा गेलेला होता हे खोटं नव्हतं, आणि हे बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"हा पाटा कुणाचा?" छोटीने विचारलं. तिने जाड पाटा उचलला होता. "हा आपल्या गाडीचा नाही."

"माझाच," अप्पा म्हणाले. "मीच घातला होता. विसरलो."

दादाने झटकन वर बघितलं. किती सोपं करून दिलं होतं बापाने. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं या घरात सगळ्यांना जमत होतं. छोटीला ते पटलंही असतं. अप्पांनी आधी ठोकळा घातला, मग पाटा घातला, त्यात नवल काय.

ओट्यावरून वहिनी उठली. ती चटईपर्यंत आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती, आताही तिने चढवला नाही.

"अप्पा खोटं बोलताहेत," ती म्हणाली. "तुम्हाला वाचवायला. बोला काहीतरी."

"अगं पोरी, जाऊ दे," अप्पा म्हणाले.

"नाही अप्पा. हात माझा फाटला. तुम्ही पांघरूण घालणार, हे खाली मान घालणार, उद्या नवे पाटे बसतील आणि सगळे मिळून जेवायला बसू. आणि मग पुढचं काय ते पुन्हा कुणीतरी गुपचूप दुरुस्त करेल. मला या घरात कुणी काही सांगतच नाही. तुम्ही एकमेकांनाही सांगत नाही. कुणी ओरडलं असतं तर चाललं असतं मला."

आईने तोंड उघडलं होतं, सुनेला आवरायला. पण तिच्या काखेत ती उशी होती. तिने तोंड मिटलं.

"मी घातला," दादा म्हणाला. मग सगळं एकदम बाहेर आलं. मामांकडे गेलात तेव्हा, हायवेवरचं गॅरेज, तो माणूस दोन्हीकडे घाला म्हणाला होता ते, आणि भंगारवाल्याला फोन कशासाठी केला तेही. बोलताना त्याने पहिल्यांदा बायकोच्या हाताकडे बघितलं. "अप्पा, मी चार लोकांत तुमच्यावर खापर फोडलं. तेव्हा मला माहीत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी कळलं होतं. तरी गप्प बसलो."

छोटी भावाला काही टोचून बोलायच्या बेतात होती. सकाळपासून ती त्याची वकील होती आणि आता तिला फसवल्यासारखं वाटत होतं. पण तो रडत होता, चांगला घोडा झालेला माणूस, तोंड वाकडं करून, आणि तिला लहानपणीचा दादा दिसला. तिने तो जाड पाटा खाली ठेवला. मग अप्पांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा लेकाला थेट उद्देशून एक वाक्य उच्चारलं. ते असं होतं: "तारेचा ब्रश आण. बाकीचे पाटे घासायला घे."

दुपारभर सगळ्यांनी पाटे घासले. वहिनीला करू देईनात, तर तिने एका हाताने घासले. चळतीतले बाकीचे धड होते, फक्त बसले होते. ते दादा आणि अप्पा मिळून लोहाराकडे घेऊन गेले, त्याने ते तापवून ठोकून त्यांना पुन्हा कमान भरली. मोठा पाटा नवा आणला. उजव्या बाजूचेही काढले, कारण एकच बाजू करायची नाही, हे आता घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. दादा ते दोनदा म्हणाला आणि दोन्ही वेळा छोटीने "हो का?" म्हटलं. सोमवारी सकाळी पाट्यांमध्ये ग्रीस भरून सगळं जोडलं, नवे बोल्ट आवळले, जॅक काढला. थोरली खाली बसली आणि दोन्ही पायांवर सरळ उभी राहिली. आईने लांबून एक डोळा मिटून बघितलं आणि उशी घरात घेऊन गेली.

शेजारचे दोघं-तिघं, लोहार, समोरचा रंगारी, सगळे आवाराच्या फाटकाशी जमले होते. दादाने त्यांच्यासाठीच थांबल्यासारखं केलं. मग खिशातून किल्ली काढली आणि सगळ्यांसमोर बापापुढे धरली.

"अप्पा, चूक माझी होती. तुमची नव्हती," तो म्हणाला, लोकांना ऐकू जाईल असा. "घ्या. एक चक्कर मारून आणा."

अप्पांनी किल्ली घेतली. हेच हवं होतं, याच जागी, याच लोकांसमोर. ते चढून बसले, इंजिन चालू केलं. सीट सरळ होती, इतकी की त्यांना ती परकी वाटली. शेजारचं दार उघडलं म्हणून त्यांनी बघितलं. वहिनी चढत होती. एका हाताने जमेना, तर छोटीने तिला मागून ढकललं. ती बसली, बांधलेला हात मांडीवर ठेवला आणि खिडकीची नवी काच वर केली.

"तू कशाला?" अप्पा म्हणाले.

"मी नाही बसले तर लोकांना वाटेल, सून घाबरली," ती म्हणाली. "चला."

फाटक उघडलं गेलं. पलीकडे रस्ता होता, सायकली होत्या, शाळेत जाणारी मुलं होती. अप्पांनी गिअर टाकला. गाडीत काही दोष उरला नव्हता. सुनेच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नव्हता. तिने काल सगळ्यांना खरं बोलायला लावलं होतं आणि आता तिला वाटत होतं की सगळं बोलून झालं. तिचा तो फाटलेला हात त्यांच्या डाव्या बाजूला होता, आणि समोर बघितलं की तो त्यांना धूसर दिसत होता.

त्यांनी गिअर काढला.

"पोरी, तू उतर," ते म्हणाले. "डाव्या डोळ्याने मला नीट दिसत नाही. वर्ष झालं."

तिने इंजिनाच्या आवाजात ऐकलं की नाही असं वाटून त्यांनी ते पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, आणि ते दादानेही ऐकलं आणि फाटकाशी उभ्या असलेल्यांनीही. आई दारात आली होती, तिनेही ऐकलं. इतके दिवस दादाला हेच ऐकायचं होतं. आता ऐकलं तर त्याला वाटलं, आपल्या पाट्यापायी बापाला चारचौघांत हेही कबूल करावं लागलं.

वहिनी उतरली नाही लगेच. तिने बरा हात अप्पांच्या हातावर ठेवला. "बरं केलंत सांगितलंत," ती म्हणाली. मग उतरली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही बसा."

आईने फाटक लावून घेतलं. बाहेरच्यांना ती म्हणाली की आज एवढंच, उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं आहे, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की लोहारसुद्धा मुकाट्याने निघाला. वर्षभर लपवल्याबद्दल नवऱ्याला काय सुनावायचं ते तिने मनाशी जुळवायला घेतलं होतं. या वेळी ती सगळं बोलणार होती.

दादा शेजारी बसला. किल्ली काढून परत द्यायला अप्पांचा हात पुढे गेला, तर दादाने तो मागे सारला. "आवारात चालवा," तो म्हणाला. "हळू. डावीकडचं मी सांगतो. तुम्हाला दिसलं तर दिसलं म्हणा, नाही तर नाही म्हणा. म्हणजे डॉक्टरला नीट सांगता येईल."

थोरली माणसाच्या चालीने निघाली. छोटी आणि वहिनी ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या.

"शिडी," दादा म्हणाला.

"दिसली."

"काचांच्या पेट्या."

"दिसल्या. आहेत हे माहीत आहे, म्हणून दिसल्या असतील."

"बरं. मग मी काय आहे ते सांगत नाही. तुम्हीच सांगा. डावीकडे, चाकाच्या जरा पुढे."

अप्पांनी मान वळवली. पुढे वाकले. पुष्कळ वेळ बघितलं, आणि दादा थांबून राहिला, त्याने मदत केली नाही.

"नाही दिसत," अप्पा म्हणाले आणि त्यांनी ब्रेक दाबला.

गाडी होती तिथे, सरळ थांबली.